जांभळ्या फडक्यातली कात्री

आमच्या घरात येणारी प्रत्येक कात्री माझ्या हातून जाते. एक सोडून. ही गोष्ट त्या एकीची आहे, आणि ती सांगताना मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या सान्जो गावातला जानेवारी म्हणजे खिडकीपर्यंत बर्फ आणि दारापर्यंत पार्सलं. नवं वर्ष यायच्या आधी माळ्यांना मान वर करायला फुरसत नसते, कारण ज्याला त्याला आपली बाग सणापूर्वी कातरून हवी असते. सण झाला की ते पाय पसरून बसतात आणि त्यांच्या कात्र्या आमच्याकडे येतात. वर्षभराचा पाइनचा चीक, गंज आणि निष्काळजीपणा अंगावर घेऊनच येतात.

माझा नवरा यासुहेई कात्र्या घडवतो आणि मी त्यांना धार लावते. भट्टी माझ्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता. यासु त्यांच्या हाताखाली शिकायला आला, माझ्याशी लग्न करून घरजावई झाला आणि आमचं होकारी हे नाव त्याने लावलं. धार मात्र बाबांनी त्याच्याकडे दिली नाही. "धारेला बळ लागत नाही, डोळा लागतो, आणि डोळा किनुएकडे आहे," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. मी फुशारकी मारत नाही. होता, आणि आहे.

कात्री आली की मी आधी कोमट पाण्याने तिचा चीक काढते. मग ती उघडून उजेडात धरते. दोन्ही पाती आतल्या बाजूने किंचित खोलगट असतात. मिटताना ती फक्त धारेवर एकमेकांना भेटतात, म्हणून फांदी सफाईने तुटते. दगडावर घासायची ती बाहेरची बाजू. आतली बाजू शेवटी एकदाच, हलकेच टेकवायची, धारेवर आलेली कोर निघण्यापुरती. मग दोन पाती जोडणाऱ्या रिवेटवर हातोडीचा एक ठोका आणि मग कॅमेलियाचं तेल. एवढं करेपर्यंत तो माळी मला पाठ झालेला असतो. कोण कात्री पावसात विसरतो, कोण तिने तार कापतो, कोणाची बायको तिने मासा साफ करते, सगळं कळतं. मी पार्सलात चिठ्ठी घालते: "तारेसाठी पक्कड मिळते. बाजारात विचारा."

ती एक कात्री मात्र माझ्याकडे कधीच आली नाही.

ती क्योतोजवळच्या कामेओकाहून यायची, दर जानेवारीत, जांभळ्या रेशमी फडक्यात गुंडाळून. पाठवणारी ओगिनो मित्सुयो. तिचा माळीकामाचा मोठा धंदा, हाताखाली सात-आठ माणसं. त्या माणसांच्या कात्र्या सरळ माझ्या पाटावर यायच्या. बाईंची स्वतःची कात्री मात्र यासु माझ्या हातातून काढून घ्यायचा, भट्टीच्या खोलीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा. दोन दिवस आतून बारीक बारीक ठोके ऐकू यायचे. मुठींना नवा वेत तोच गुंडाळायचा, इतक्या नजाकतीने की बघत राहावं. सोबत आलेलं पत्र तो उभ्या उभ्या वाचायचा आणि भट्टीत टाकायचा. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला केसांचा एक काटा आणून दिलेला नाही!

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी विचारलं होतं, "ही माझ्याकडे का नाही?"

"ही मीच करतो," तो म्हणाला.

"का?"

"जुनं गिऱ्हाईक आहे."

"सगळीच जुनी आहेत. काही तर बाबांच्याही वडिलांच्या वेळची आहेत."

त्यावर त्याने घमेल्यात कोळसा भरायला घेतला. यासुला बोलायचं नसलं की त्याला कोळसा भरायचा असतो.

त्यानंतर मी विचारलं नाही. मीही बाबांची मुलगी आहे. पण दर जानेवारीत माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि शेजारची रित्सु त्यात तेल ओतायला हजर असायची. रित्सुचा नवरा कानशी करायचा. तो गेल्यापासून तिला आमच्या घरात लक्ष घालायला भरपूर वेळ होता.

"आलं का क्योतोचं जांभळं?" ती कुंपणावरून विचारायची.

"सलगमाचं लोणचं आलंय सोबत. हवंय?"

"दे की. सवतीने घातलेलं लोणचं मुरलेलं असतं म्हणे."

"तोंड सांभाळ, रित्सु."

"अगं, मी काय वाईट बोलले? एकतीस वर्षं टिकलंय. नवरे एवढे टिकत नाहीत."

लोणचं चांगलं असायचं. त्याचाच जास्त राग यायचा.

त्या वर्षी पार्सल आलं तेव्हा यासु घरात नव्हता. शेजारच्या त्सुबामे गावात एक म्हातारे लोहार वारले होते आणि तो काळा कोट घालून अंत्यविधीला गेला होता. पोस्टाच्या माणसाने बर्फ झटकून खोकं माझ्या हातात दिलं. मी ते यासुच्या खोलीत नेऊन ठेवलं. ठेवलं आणि पाच मिनिटांनी परत आणलं.

पत्र मी उघडलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडण्याइतकी मी उतरलेले नाही. कात्री मात्र माझ्या धंद्यातली गोष्ट आहे, तिच्यावर माझा हक्क आहे, असं मी स्वतःला पटवलं आणि गाठ सोडली.

काय निगा राखली होती! चिकाचा एक ठिपका नाही, गंजाचं नाव नाही. मुठींवरचा वेत एका लहान हाताच्या घामाने मधासारखा पिवळा झालेला. रिवेटजवळ बाबांचा ठसा, आमच्या घराचा, बोटांनी झिजून मऊ झालेला. मी लोकांना चिठ्ठ्या लिहून लिहून थकले, आणि ज्या बाईला मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं तिने कात्री अशी सांभाळली होती. ही कात्री कोणीतरी रोज जवळ घेत होतं. कामाची वस्तू म्हणून नव्हे, कोणीतरी दिलेली वस्तू म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काय केलं ते सरळ सांगते. मी दगड भिजवला आणि पातं आतल्या बाजूने, सपाट, दगडावर दाबलं. एकदा नाही, दहा-बारा वेळा. जोर लावून.

ज्याला ही कामं माहीत नाहीत त्याला यात काय विशेष ते कळणार नाही. पण आतली बाजू घासून सपाट केली की पात्यातली पोकळी जाते. कात्री दुकानात कागद झकास कापते आणि झाडावर गेली की आठवड्यात फांदी चावायला लागते. अशी चूक नवशिके करतात. बाबांनी याच चुकीसाठी एकाला त्याच्या गाठोड्यासकट घरी पाठवलं होतं. मी ती चूक मुद्दाम करत होते. कामेओकातल्या त्या बाईने वसंतात पाइनची फांदी धरावी आणि हातातल्या कात्रीने तिला दगा द्यावा, इतकंच मला हवं होतं. आणि मग तिने यासुला रागाचं पत्र लिहावं.

अकराव्या की बाराव्या वेळी टोकाजवळ 'टिक' असा आवाज झाला. नखाएवढा पोलादाचा तुकडा सुटून दगडावरच्या पाण्यात पडला.

आत काळं होतं.

मला आधी कळेना. आमच्या कात्रीचं पातं दोन धातूंचं असतं. मऊ लोखंड, आणि त्यावर धारेसाठी पोलादाची पट्टी. मध्ये टाकणखार घालून दोन्ही तापवायचे आणि ठोकून एकजीव करायचे. नीट एकजीव झाले तर सांधा शोधून सापडत नाही. इथे मात्र दोहोंच्या मध्ये जळकी पूड अडकून राहिली होती. सांधा कधी बसलाच नव्हता. मी भिंग घेतलं आणि पात्याची पाठ बघितली. तिच्यावर सुईच्या टोकाएवढ्या ठोक्यांच्या ओळी होत्या, एकावर एक, वर्षानुवर्षांच्या. कोणीतरी दर वर्षी ती फट ठोकून मिटवत होतं.

आमच्या घरात एक नियम आहे. उघड्या सांध्याची कात्री घराबाहेर जात नाही. जो घडवतो त्याने ती स्वतः, सगळ्यांसमोर, ऐरणीवर मोडायची आणि भंगारात टाकायची. बाबांनी स्वतःच्या हातच्या मोडलेल्या मी पाहिल्यात. आणि माझ्यापुढे बाबांचा ठसा असलेली, उघड्या सांध्याची, एकतीस वर्षं जिवंत ठेवलेली कात्री पडली होती.

यासु चारच्या सुमाराला आला. ओट्यावर बूट काढले, अंत्यविधीहून परतल्यावर शिंपडायचं, दारात ठेवलेलं मीठ अंगावर शिंपडलं आणि आत आला. पाटावर जांभळं फडकं दिसताच तो तिथेच उभा राहिला.

"हात लावलास?" तो म्हणाला.

"लावला. आणि हे निघालं." मी पोलादाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

तो खाली बसला. कोट तसाच अंगात. तुकडा उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा ठेवला. मग पात्याची आतली बाजू बघितली आणि त्याच्या लक्षात आलं.

"आतून घासलीस."

"हो."

"तू?"

"हो, मी. रागाने घासली. आता तू सांग. ही कोणाची आहे, कोणी घडवली, आणि ही बाई तुझी कोण लागते?"

मला वाटलं तो कोळसा भरायला उठेल. तो उठला नाही.

"माझी पहिली कात्री," तो म्हणाला. "पहिली, जिच्यावर तुझ्या बाबांनी ठसा मारला. तुला आठवत असेल, त्यांची अट होती. माझ्या हातचा सांधा स्वच्छ येईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही."

"आठवतंय. तुला दोन वर्षं लागली."

"ही शरदात झाली. त्यांनी पाहिली, पसंत केली, ठसा मारला आणि मार्चमधली तारीख धरली. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी दुकानात आली. माळीकाम शिकत होती. ही कात्री उचलली, मिटली, उघडली, म्हणाली, हीच हवी. मीच बांधून दिली."

"आणि?"

"जानेवारीत परत आली, माझ्या नावाने. पाइनचा चीक फटीत शिरून पाठीवर काळी रेघ उमटली होती. नवीन असताना ती तुझ्या बाबांनाही दिसली नव्हती."

लग्नाला तेव्हा दोन महिने होते.

"मी तिला लिहिलं, सगळं खरं. हे कळलं तर ठसा परत घेतील आणि लग्न मोडेल. मी नवी करून देतो, ही मला मोडू द्या. तिने उलट लिहिलं की मोडू नका, तुमचे मालक विचारतील कुठली मोडली. मी टोकावर जोर देत नाही, बारीक कामालाच वापरते. दर हिवाळ्यात तुमच्याकडे पाठवेन, तुम्ही फट मिटवत जा. आणि लग्न करून घ्या."

"लग्न करून घ्या," मी म्हणाले. "असं लिहिलं तिने?"

"हो."

म्हणजे बघा. एकतीस वर्षं मला वाटत होतं की ती बाई माझ्या संसारात शिरू पाहतेय. आणि माझा संसार उभा होता तोच तिच्या मेहेरबानीवर! तिने एक कार्ड टाकलं असतं बाबांच्या नावे, तर यासु गाठोडं उचलून गेला असता. प्रेमपत्रं असती तर मी सहन केली असती असं नाही, पण निदान ती काय आहेत ते मला कळलं असतं. मी संतापून उठले, किटली ठेवली, चहाची पानं सांडली.

"बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली," मी त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाले. "तेव्हा तरी सांगायचंस. बाबांची भीती होती, ठीक आहे. ते गेल्यावर कोणाची?"

त्याने कात्री परत फडक्यावर ठेवली.

"त्यांची भीती कधीच नव्हती, किनुए-सान," तो म्हणाला.

'सान'! लग्नाआधी, मालकाची मुलगी म्हणून, तो मला असं म्हणायचा. मी वळून पाहिलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, काळ्या कोटात, मांडीवर हात ठेवून बसलेला.

"मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "मी एक पातं जोडलं होतं. तू ते उचललंस, उजेडात धरलंस आणि पाच माणसांसमोर म्हणालीस, 'हा सांधा आहे की दाराची फट? यातून वारा येतोय.' सगळे हसले. तुझे बाबाही हसले. तू निळा एप्रन घातला होतास आणि एका हातात खारवलेल्या मुळ्याची फोड होती."

"मी असं म्हणाले?"

"हो."

"मला आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, तेच वाईट होतं. "जगात कोणीही ती कात्री पाहिली असती तरी चाललं असतं. फक्त तू नको."

चहा उकळून कडू झाला. आम्ही तोच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामेओकाला फोन लावला. यासु म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, तुझी पत्रं पुरे झाली.

"अगंबाई, होकारीबाई का!" पलीकडून प्रौढ, गोड, क्योतोकडचा आवाज आला. "केवढा योग! आमच्या माणसांच्या कात्र्यांना तुमची धार असते. तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्याही आम्ही सगळे मिळून वाचतो. माझ्याच कात्रीचं नशीब नव्हतं."

त्या गोडव्यातला चिमटा मला बरोबर लागला.

"तुमची कात्री माझ्या हातून गेली," मी म्हणाले.

"कशी हो?"

"आतून घासली. मुद्दाम."

मग ती बाई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"मुद्दाम! एकतीस वर्षं लागली तुम्हाला? मी तुमच्या जागी असते तर पाचव्या वर्षीच केलं असतं."

"तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुमच्या नवऱ्याची गोष्ट, मी कशी सांगणार? दर वर्षी लिहायचे त्यांना, बायकोला सांगा म्हणून. तेवढं एक वाक्य असायचं पत्रात. बाकी हवापाण्याचं." मग ती म्हणाली, "आता मोडून टाका हो तिला. तुमच्या घरच्या रीतीने. आणि दुसरी करून पाठवा. धार मात्र तुमचीच हवी."

फोन ठेवला. बाई चांगली निघाली. मनात धरायला तेवढाही राग तिने शिल्लक ठेवला नाही, आणि तरी मी जळत होते. यासुची बायको कोण, हे तिला कायम ठाऊक होतं. यासु कोण, हे मला सांगायला तिला दर वर्षी त्याच्या विनवण्या कराव्या लागत होत्या.

त्या दुपारी यासुने कात्री ऐरणीवर ठेवली आणि तीन घावांत मोडली. समोर मी एकटीच होते. तुकडे त्याने स्वतः भंगारात टाकले.

मग तो नव्या कात्रीला लागला. फेब्रुवारी सगळा त्यात गेला. वय झालंय, भट्टीतला रंग ओळखायला आता त्याला वेळ लागतो, लोखंड लाल आहे की पिवळं हे डोळे बारीक करून बघावं लागतं. मी माझ्या पाटावर इतर कात्र्या करत होते आणि ठोके मोजत होते. दार उघडं होतं. मी सांगितलं नव्हतं, त्यानेच ठेवलं होतं.

महिन्याच्या शेवटी एका सकाळी तो आला आणि दोन पाती माझ्या पाटावर ठेवली. पॉलिश नाही, रिवेट नाही, मूठ नाही. घरातली कुठलीच कात्री या अवस्थेत माझ्याकडे येत नाही.

"बघ," तो म्हणाला.

मी पातं उजेडात धरलं. टोक स्वच्छ. मधला भाग स्वच्छ. खाली, रिवेटच्या भोकाजवळ, पाठीवर एक रेघ. केसाएवढी, तांदळाच्या दाण्याइतकी लांब. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. बाबांनाही दिसली नसती कदाचित. वेत आणि तेलाखाली ती तीस वर्षं आरामात झाकली गेली असती.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते मलाच माहीत. ते सगळं मी गिळलं.

"सांधा उघडा आहे," मी म्हणाले. "इथे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच आणली."

त्याने पातं माझ्या हातातून घेतलं, ऐरणीकडे गेला आणि ते मोडलं. मग भट्टीत कोळसा घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कामेओकाला मी लिहिलं की थंडीमुळे उशीर होतोय. त्या मोडलेल्या पात्याबद्दल लिहिलं नाही, आणि यासुलाही लिहू देणार नाही. एवढं एक तरी त्या बाईला कळता कामा नये.